तिकिटाचा भाव काढणारे कोण?

धामणकर नाक्यावर निवडणुकीचा वास आला की पहिला प्रश्न 'तिकीट कुणाला?' आणि लगेच दुसरा, 'भाव काय चाललाय?' आता तर तयार पोस्टच फिरतात. अमुक साहेब चाळीस पैसे, तमुक भाऊ सव्वा रुपया, खाली 'फलोदी सट्टा बाजार'. (चाळीस पैसे म्हणजे रुपया लावला आणि माणूस लागला तर वर चाळीस पैसे. भाव जेवढा कमी, तेवढा तो फेव्हरिट.) आपल्यातलेच काही पोर्टलवाले हे उचलून 'बाजारात कोणाची हवा?' असं छापतात. मी याला फुकटची जाहिरात म्हणतो. वाईट वाटलं तर वाटू दे.

सट्ट्याची बाजू घेणारे म्हणतात, खिशातला पैसा खोटं बोलत नाही, हजारो लोकांची माहिती भावात उतरते. बरं. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार प्रायमरीत ठरतो, पक्षाचे सामान्य मतदार मत देतात. तिथे अंदाज बांधायला निदान काहीतरी असतं. तरीही 2025 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी झाली, तेव्हा काही आठवडे आधीपर्यंत बाजार कुओमोंच्या बाजूने होता. जिंकले ममदानी.

आणि आपल्याकडे? तिकीट ठरतं बंद खोलीत, तीन-चार माणसांत. 2024 ला भिवंडी लोकसभेवर काँग्रेस हक्क सांगत होती. जागा गेली शरद पवारांच्या पक्षाला, उमेदवारी मिळाली बाळ्यामामा म्हात्रेंना. इथल्या कार्यकर्त्याला कोणी विचारलं? पुढे बाळ्यामामांनी केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या कपिल पाटलांना 66 हजार मतांनी पाडलं, अपक्ष निलेश सांबरेंनी दोन लाखांवर मतं घेतली, तो भाग वेगळा. मुद्दा एवढाच की ज्या निर्णयात हजार माणसं नाहीतच, त्याच्या भावात हजार माणसांची अक्कल येणार कुठून? त्या भावात दोनच गोष्टी असू शकतात. आतल्या माणसाने फोडलेली बातमी, नाहीतर इच्छुकाने सोडलेली पुडी.

पुडी सोडायला लागतं किती हो? असल्या छोट्या बाजारात स्वतःच्याच नावावर थोडे पैसे लावले की भाव खाली येतो. नाक्यावर चार बॅनर लावण्यापेक्षा स्वस्त. मग तोच स्क्रीनशॉट मुंबईला नेत्याकडे, 'साहेब, बाजारसुद्धा आपल्यालाच धरतोय.' खरा भाव नसला तरी चालतं, पोस्ट बनवणारा पोरगा पुरतो. फलोदीच्या नावाने 2024 ला भाजपला तीनशेच्या वर जागा फिरत होत्या. 4 जूनला निघाल्या 240. त्या पोस्ट टाकणाऱ्यांनी नंतर कधी हिशेब दिला?

यात मरतो कोण, तर रात्रपाळी करून आलेला यंत्रमाग कामगार. पगारातले पाचशे 'पक्की खबर' म्हणून लावतो. समोर पैसे खाणाऱ्याला यादी आधीच कळलेली असू शकते. बुडाले तर तक्रार करणार कुठे? महाराष्ट्रात 1887 पासून जुगाराविरुद्ध कायदा आहे, पोलीस ठाण्यात गेला तर आधी त्यालाच बसवतील.

प्रायमरी आपल्याकडे झालीच नाही असंही नाही. 2014 ला राहुल गांधींनी काही मतदारसंघांत प्रयोग केला, त्यात आपल्या राज्यातले वर्धा आणि लातूर होते. पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी मतदान करून वर्ध्यात सागर मेघे, लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले. दोघेही दोन लाखांहून जास्त मतांनी पडले, आणि काही महिन्यांत मेघे कुटुंब भाजपमध्ये! मग प्रयोग गुंडाळला. हसणारे आजही हसतात. पण त्या वर्षी मोदी लाट होती, साध्या पद्धतीने तिकीट मिळालेले काँग्रेसवालेही राज्यभर झोपलेच की. वर्ध्यात निदान कोणी कोणाला निवडलं हे कार्यकर्त्याला ठाऊक होतं. आपल्या वॉर्डाचं तिकीट कोणी ठरवलं हे आपल्याला ठाऊक आहे का?

म्हणून भावाची पोस्ट माझ्याकडे पाठवू नका, मी टाकणार नाही. त्यापेक्षा आपापल्या पक्षाच्या शहराध्यक्षांना एवढंच विचारा: गेल्या वेळी आमच्या वॉर्डाचं नाव कुठल्या बैठकीत ठरलं, कोणत्या तारखेला, हजर कोण होतं? उत्तर मिळालं तर खाली लिहा. कुठल्याही पक्षाचं असो, जसंच्या तसं छापतो.