नागाची परवानगी मिळते, गाण्याची मिळत नाही

नागाला हात लावायचा तर परवानगी कुणाची लागते, हे नागपंचमीच्या नागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या शिराळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. 1972 चा वन्यजीव कायदा, वनखातं, उच्च न्यायालय हे शब्द आमच्याकडं चहाच्या टपरीवर चघळले जातात. 2025 च्या नागपंचमीला केंद्रानं अभ्यासापुरते 21 नाग धरायला मुभा दिली, तीही अटी घालून, कागदावर. पण सिनेमाचं गाणं घेऊन ते शाळेच्या पथकासाठी बसवायचं असेल तर अर्ज कुठं करायचा, हे मी विचारलं तेव्हा तहसील कचेरीपासून वकिलांच्या टेबलापर्यंत सगळे माझ्याकडंच बघत राहिले.

मी क्लॅरिनेटवाला. आधी ब्रास बँड, मग बेंजो पार्टी, आणि आता तालुक्यातल्या एका शाळेचं बँड पथक शिकवतो. वाजाप बसवणं, म्हणजे गाण्याची आमच्या वाद्यांसाठी मांडणी करणं, हे माझं काम. लोकांना वाटतं, गाणं ऐकायचं आणि वाजवायचं, त्यात काय? ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’ घ्या. अजय-अतुल यांनी त्याचं वाद्यवृंदाचं काम लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर करून घेतलं. तिथं व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसलेल्या. माझ्याकडं क्लॅरिनेट, ट्रम्पेट, एक युफोनियम, साईड ड्रम, ढोल आणि खुळखुळा. शिवाय पोरं चालत वाजवणार.

मग करायचं काय? गाणं काळी एकच्या पट्टीत असेल तर आमच्या बी-फ्लॅट वाद्यांना बोटं वेडीवाकडी पडतात, म्हणून ते काळी पाचात नाहीतर काळी दोनमध्ये आणायचं. व्हायोलिनची लांब ओळ दोन क्लॅरिनेटवर अशी वाटायची की एक श्वास घेतो तेव्हा दुसरा सूर धरून आहे. गजाला दम लागत नाही, सातवीतल्या पोराला लागतो. खालचा खर्ज युफोनियमला. मधल्या तुकड्यात कोरस असेल तर तो ट्रम्पेटला द्यायचा, पण ट्रम्पेटवाल्याचे ओठ मुखड्यावरच थकलेले असतात, म्हणून त्याआधी चार आवर्तनं नुसती साईड आणि ढोल ठेवायचा. लोकांना वाटतं काय झोकात वाजवतात! खरं तर तिथं ट्रम्पेटवाला ओठ चोळत असतो. हे सगळं मी वहीत सरगममध्ये लिहितो आणि प्रत्येकाला त्याच्या वाद्याच्या पट्टीत उतरवून देतो.

कायद्याला हे काम माहीत आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेची नव्यानं मांडणी करणं म्हणजे तिचं रूपांतर असं स्पष्ट म्हटलेलं आहे, आणि रूपांतराचा हक्क मालकाचा. म्हणजे माझ्या वहीतलं जवळजवळ प्रत्येक पान कुणाच्या तरी परवानगीला लागतं. ती न घेता हक्कभंग झाला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड असं 63 वं कलम सांगतं. आमच्या बेंजोवाल्यांना हे वाचून दाखवलं तर ते बेंजो विकून ऊसतोडीला जातील.

जावं लागत नाही, कारण त्याच कायद्याच्या 52 व्या कलमात सवलती आहेत. धार्मिक विधीत आणि सरकारी समारंभात संगीत वाजवलं तर हक्कभंग होत नाही, आणि धार्मिक विधीत लग्नाची वरातही धरायची असा खुलासा खाली आहे. मूळ चालीला जी सवलत तीच तिच्या रूपांतरालाही, हेही तिथंच लिहिलंय. म्हणजे वरातीत मी काळी पाचात नेलेलं गाणं निर्धास्त वाजवू शकतो. नागपंचमीची मिरवणूक माझ्या मते यात बसते. 26 जानेवारीचं झेंडावंदन बसतं. 2022 साली दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटला सैन्याच्या बँडनं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ वाजवलं, ती चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. सरकारी समारंभ असल्यानं त्यालाही सूट. शाळेत फक्त मुलं, शिक्षक आणि पालक ऐकायला असतील तर तेही चालतं. फुकट ऐकणाऱ्यांसमोर हौशी मंडळानं वाजवलं तरी चालतं. आम्ही सुपारी घेतो, म्हणून आम्ही हौशी नाही.

यात न बसणाऱ्या गोष्टीही थोड्या नाहीत. बक्षिसाची जाहीर बँड स्पर्धा बसत नाही. साखर कारखान्याच्या कार्यक्रमात पथक बोलावलं तर बसत नाही. निवडून आलेल्या उमेदवाराची गुलालाची मिरवणूक ना धार्मिक ना सरकारी, तीही बसत नाही. पण ती अडवायची हिंमत कोणती संगीत कंपनी करणार? आणि वाजवलेल्याचं चित्रीकरण करून मोबाइलवर जगाला दाखवलं की सगळ्या सवलती तिथंच संपतात. वाजवणं माफ असतं, त्याची प्रत काढून पसरवणं माफ नसतं.

आमच्या पथकाचं तेच झालं. पोरांनी स्पर्धेत सुरेख वाजवलं, एका पालकानं चित्रफीत चढवली, आणि संध्याकाळपर्यंत तिचा आवाज गेला. पडद्यावर पोरं गाल फुगवून चालतायत, ढोलावर दांडकं पडतंय आणि ऐकू काहीच येत नाही. मुलांच्या आज्या फोन हलवून बघत होत्या. गाण्याच्या मालक कंपनीला आम्ही रीतसर लिहिलं, फी सांगा, भरतो. उलट इंग्रजीत एक फॉर्म आला: कोणत्या देशांसाठी हवं, किती वर्षांसाठी, कोणत्या माध्यमांसाठी, निर्मितीचा खर्च किती. शाळेचं उत्तर गेलं. त्यानंतर तिकडून काही आलं नाही. नकार आला असता तर दुसरं गाणं घेतलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गाणं ज्याचं त्याला पैसे मिळालेच पाहिजेत. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क पक्का करून दिला, त्यासाठी जावेद अख्तर संसदेत भांडले, ते योग्यच झालं. पण जी परवानगी मागितल्यावर ‘हो’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, तिच्याअभावी माणसाला चोर ठरवणं हा न्याय नाही.

कुणी म्हणेल, गीतकार-संगीतकारांच्या वतीनं लायसन्स देणारी आयपीआरएस संस्था आहे की. आहे, 1969 पासून आहे, मुंबईत आहे. जाहीर कार्यक्रमात चाल वाजवायचं लायसन्स आयोजकानं तिथून घ्यायचं, आणि घ्यावंच. पण ते वाजवण्याचं. मांडणी बदलायची संमती मालक कंपनीच्या दारातच मागावी लागते. मग वकील 31-सी कलम दाखवतात: मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाल्यावर नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तुम्ही आपलं मुद्रण काढू शकता. वाचताना बरं वाटतं. पुढची ओळ अशी की वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आधी भरायची. शिराळ्यात घरटी एक वाटली तरी एवढ्या प्रती खपायच्या नाहीत. त्यातही तांत्रिक गरजेपलीकडं चालीत बदल करायचा नाही. व्हायोलिनचं क्लॅरिनेट करणं ही तांत्रिक गरज की बदल, हे ठरवायला मी कोर्टात जाऊ?

सरकारनं परिपत्रक काढून सुटेल असंही नाही. लग्नात गाणी वाजवायला हॉटेलांनी परवानगी घ्यायची गरज नाही असं परिपत्रक गोवा सरकारनं जानेवारी 2024 मध्ये काढलं, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते रद्द केलं. कायद्यात जे लिहिलंय त्याची व्याप्ती अधिकाऱ्याच्या पत्रानं ठरत नाही. मला त्यात वावगं दिसत नाही. फुकट मिळावं असा माझा हट्टच नाही.

अमेरिकेत ड्रम कोअर नावाची पथकं असतात. पितळी वाद्यं, ढोल, निशाणवाले; उन्हाळाभर फुटबॉलच्या मैदानांवर फिरत वाजवतात, ऑगस्टमध्ये त्यांची मोठी स्पर्धा होते. तीही सिनेमाचं संगीत घेतात. तिथं प्रत्येक चालीच्या मांडणीला प्रकाशकाची लेखी संमती लागते, चित्रफितीला वेगळी. तिथलेही लोक कुरकुरतात, कधी गाणं ऐनवेळी बदलावं लागतं. पण तिथं अर्ज कुणाकडं करायचा हे माहीत असतं, आणि मांडणी करणाऱ्याचं नाव कार्यक्रमात छापलेलं असतं. नावाचं मला जास्त अप्रूप वाटतं.

कारण आपल्याकडं मांडणी करणाऱ्याला कधीच कुणी मोजलं नाही. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागं वर्षानुवर्षं सबॅस्टियन डिसूझा हे गोव्याचे अरेंजर होते. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव गाजतं, पण गाणारे कितीजण त्यांना ओळखतात? स्टुडिओत त्यांनी केलेली मेहनत आणि आम्ही गल्लीत करतो ती, जात एकच. त्यांना पगार मिळाला, रॉयल्टी नाही. आम्हाला वडापाव आणि सुपारीतला हिस्सा.

एक पळवाट मी शोधून ठेवली आहे, मोफत देतो. संगीतकार वारला ते वर्ष संपल्यावर साठ वर्षांनी चाल सगळ्यांची होते. गोविंदराव टेंबे 1955 साली गेले, म्हणजे कोल्हापूरच्या प्रभातनं 1932 साली काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’मधल्या त्यांच्या चाली 2016 पासून मोकळ्या आहेत. बँडला शब्द लागतच नाहीत, त्यामुळं गीतकाराची साठ वर्षं मोजायचीही गरज नाही. ‘माणूस’च्या मास्टर कृष्णरावांसाठी मात्र 2035 उजाडेपर्यंत थांबावं लागेल, आणि ‘अमर भूपाळी’च्या वसंत देसाईंसाठी 2036. आता नवरदेवाचे मित्र घोड्यापुढं ‘अयोध्येचा राजा’वर नाचतील का, ते तुम्हीच सांगा.

म्हणून मागणी करतो, ती आयपीआरएसकडं, संगीत कंपन्यांकडं आणि राज्याच्या सांस्कृतिक खात्याकडं. बँड, बेंजो आणि शाळेच्या पथकांसाठी मराठीत एक पानी अर्ज ठेवा. गाण्याचं नाव, संगीतकाराचं नाव, वाद्यांची संख्या, कार्यक्रम कुठं, एवढंच विचारा. पथकाच्या ऐपतीप्रमाणं वर्षाची एकच फी ठरवा, त्यातच चित्रफीत धरा. ठरावीक दिवसांत उत्तर द्या, नकार असेल तर नकार द्या. गाव म्हणून आम्ही फी भरू. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यातून कितीतरी गाण्यांची फी निघेल.

आणि माझ्या बँडवाल्या भावांनो, तोवर एक करा. वहीच्या प्रत्येक वाजापावर वर मूळ संगीतकाराचं नाव लिहा, खाली मांडणी करणाऱ्याचं आणि तारीख. स्पर्धेत निवेदकाला ती दोन्ही नावं माइकवर वाचायला लावा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.