कोपेश्वराचा कोप आणि सतीचं माहेर

देवळाची गोष्ट ऐकताना आपण नेहमी देवाच्या बाजूने ऐकतो, असं माझं मत आहे. खिद्रापूरला जाऊन आल्यापासून ते जास्तच पक्कं झालंय.

खिद्रापूर कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी. नृसिंहवाडीला जाणारे पुष्कळजण तिथूनच परत फिरतात. तसं करू नका, कुरुंदवाडवरून पुढे जाच. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे कोपेश्वराचं देऊळ. पुढे देवगिरीच्या यादवांपैकी सिंघणाने देवाला दान दिल्याचा देवनागरी लिपीतला संस्कृत शिलालेख दक्षिणेच्या बाजूला आहे. देवळाच्या पायाशी ओळीने दगडी हत्ती आहेत, जणू त्यांनीच देऊळ पाठीवर पेललंय. स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, गोल मोकळं आभाळ आहे, आणि त्याच्याच खाली तेवढीच गोल शिळा. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्या गोलात येतो म्हणून लोक रात्री मुद्दाम जमतात.

शंकराचं देऊळ म्हटल्यावर आपली नजर आपोआप नंदी शोधते. इथे नंदीच नाही! आणि गाभाऱ्यात लिंगं दोन. याचीच गोष्ट तिथे सांगतात. दक्षाने यज्ञ मांडला, सगळ्यांना बोलावलं, लेक-जावयाला तेवढं वगळलं. सती म्हणाली, माहेरी जायला आमंत्रण कशाला हवं? शंकराने तिला नंदीवर बसवून पाठवलं. तिथे बापाने भरल्या मंडपात तिच्या नवऱ्याची निंदा केली. सतीने यज्ञकुंडात उडी घेतली. शंकराचा कोप झाला, दक्षाचं मुंडकं गेलं. मग विष्णूने शंकराला समजावून इथे आणलं. तो कोपलेला म्हणून कोपेश्वर, आणि समजूत घालणारा विष्णू शेजारी धोपेश्वर. नंदी सतीला घेऊन गेला तो तिकडेच राहिला. कर्नाटकात कृष्णाकाठीच यडूर आहे, तिथे तो आहे म्हणतात.

गोष्ट संपली की ऐकणारे "वा!" म्हणतात आणि फोटो काढायला पांगतात. माझी नात मात्र तिथेच उभी राहिली. म्हणाली, "आजी, शंकर इथे, विष्णू इथे, नंदी यडूरला. मग सती कुठे?"

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मला चटकन उत्तर सुचलं नाही.

खरंच की! ज्याचा राग आला त्याला देऊळ, ज्याने राग शांत केला त्यालाही जागा, वाहनाचासुद्धा पत्ता ठाऊक. जिच्यामुळे हे सगळं घडलं ती फक्त गोष्टीत. नावातसुद्धा कोप आहे, दुःख नाही.

आपल्याकडे भाद्रपदात गौरी माहेरवाशीण म्हणून येतात. आपण त्यांना दारातून पावलांनी आणतो, पुरणपोळी करतो, ओटी भरतो. आणि तीच लेक सणवार नसताना, न कळवता, हातात पिशवी घेऊन दारात उभी राहिली तर? पहिला प्रश्न येतो, "एकटीच आलीस? जावईबापू कुठायत?" दुसरा, "किती दिवस?" मी अशा मुली पाहिल्यात. शाळेत हुशार, लग्नानंतर दोन दिवसांसाठी म्हणून आलेल्या आणि "लोक काय म्हणतील" म्हणून चौथ्या दिवशी परत धाडलेल्या. यज्ञ नसेल, पण मान खाली घालायला लावणारे बाप आजही आहेत. आयासुद्धा आहेत.

कुणी म्हणेल, पुराणातल्या गोष्टीत आजचं कशाला शोधायचं? मला वाटतं, गोष्टी आठशे वर्षं टिकतात त्या त्यात आजचं सापडतं म्हणूनच. शिल्पं बघायला अभ्यासक आहेतच, शिलालेख वाचायलाही आहेत. आपण साध्या माणसांनी निदान गोष्ट तरी पुरती सांगावी. नातवंडांना नेलंत तर शंकराचा राग सांगा, विष्णूची समजूत सांगा, पण आधी सतीचा प्रश्न सांगा: माहेरी जायला आमंत्रण कशाला हवं?

नातीला मी उत्तर दिलं ते गाडीत बसल्यावर. म्हटलं, "सतीला जागा आपल्या घरात द्यायची, बाई. तुझी आई, तुझी आत्या, उद्या तू. दार वाजवायचं, कारण सांगायचं नाही."

सूनबाई पुढच्या सीटवर होती. काही बोलली नाही, पण मागे वळून बघितलं तिने.

तुमच्या गावच्या देवळाची अशी अर्धीच सांगितली जाणारी गोष्ट आहे का? असेल तर जरूर लिहा.