तीस मीटरांचा कागद

पहाटे पाचला चिखलीतून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्याला लागा. खामगावचा रस्ता घ्या, मेहकरचा घ्या, नाहीतर बुलडाण्याचा. अंधारात पावलांचा आवाज ऐकू येतोच. ही भरतीची पोरं. कुणी पोलिसांत जाऊ म्हणतो, कुणी फौजेत. ज्या गावाला अजून रेल्वे नाही आणि कारखानदारी नावापुरती आहे, तिथे सोयाबीनच्या भावावर विसंबून बसण्यापेक्षा पोरांनी पायांवर विश्वास ठेवला, तर त्यांना नावे कशी ठेवावीत? मीही जन्मभर क्रीडाशिक्षक होतो. मीही पोरांना असेच पळवले. पळवले म्हणजे काय केले, तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. चुकला की दोन फेऱ्या, उशीर झाला की चार. धावणे म्हणजे दम, हे समीकरण माझ्या डोक्यात इतके पक्के होते की वेग ही वेगळी गोष्ट असते आणि ती वेगळी शिकवावी लागते, हे निवृत्तीनंतर एका अकरा वर्षांच्या मुलाकडून शिकावे लागले.

मुलगा आमच्याच गल्लीतला. वडील बाजार समितीत हमाली करतात. पोरगा फुटबॉलच्या वेडाने झपाटलेला. आता चिखलीत फुटबॉल कुठून आला, असे कुणी विचारेल. देशात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक व्हायचा होता, त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारने दहा लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळवण्याचा घाट घातला होता. शाळाशाळांतून त्या दिवशी चेंडू लाथाडले गेले, फोटो निघाले आणि पुष्कळ ठिकाणी चेंडू कपाटात गेले. काही मात्र बाहेर राहिले. त्या विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. ही एवढी माहिती आमच्या गल्लीतल्या मुलाला तोंडपाठ होती. त्यालाही प्रबोधिनीत जायचे होते.

एका संध्याकाळी त्याचे वडील आले. चहा नको म्हणाले आणि उभ्या उभ्याच विचारले, ‘‘सर, पोट्टं लय पयते म्हन्तात सारे. पन थे कागदावर कसं दाखवाचं?’’

प्रश्न अगदी नेमका होता. प्रबोधिनीच्या निवडीत मुलाचा खेळ पाहण्याआधी त्याचे शरीर मोजतात. उंची, वजन, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, सहा वेळा दहा मीटर ये-जा, आठशे मीटर, लवचिकता आणि तीस मीटर धावणे. हे तीस मीटर ‘फ्लाइंग स्टार्ट’चे असतात. म्हणजे मुलगा मागून पळत येतो, रेघ ओलांडली की घड्याळ सुरू होते आणि पुढच्या रेघेवर थांबते. सुरुवात कशी केली हे त्यात मोजले जात नाही, भरधाव वेग मोजला जातो. त्या चार-पाच सेकंदांत मुलाला काय ते दाखवायचे असते.

मी मोठ्या उत्साहाने त्याला हाताशी धरले आणि नेमकी चूक केली. पहाटे पाच फेऱ्या, पुढच्या आठवड्यात आठ, मग दहा. पोरगा तक्रार न करता पळायचा. महिन्याने घड्याळ लावले. सुरुवातीला तीस मीटरला ४.८ सेकंद लागले होते, ते आता ५ लागले! हाताने दाबलेल्या घड्याळात एक-दोन दशांशांची चूक सहज होते, म्हणून तीनदा मोजले. तेच. शिवाय नडगी दुखते, असे तो दबकत म्हणाला. मी रस्त्यावर पळवले होते ना! त्या रात्री मला झोप लागली नाही. हमालाच्या पोराचा एक महिना मी वाया घालवला होता, आणि अशा चाचण्यांना वयाची अट असते.

मग पुस्तके काढली, धावपटू राहिलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठले. त्याने सांगितले ते थोडक्यात असे. संपूर्ण वेगाने धावताना स्नायू जी तयार शक्ती वापरतात, ती काही सेकंदांत संपते आणि पुन्हा भरायला दोन-तीन मिनिटे लागतात. त्याआधी पुन्हा पळवले तर मुलगा वेगाचा सराव करत नाही, थकून पळण्याचा सराव करतो. आणि शरीर जे रोज करते तेच शिकते. म्हणून पळायचे ते थोडेच आणि जीव तोडून. दर दहा मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती. तीस मीटर पळाला की तीन मिनिटे चालायचे, पाणी प्यायचे, गप्पा मारायच्या. अशा सहा धावा झाल्या की घरी. पुढचा दिवस वेगाला सुट्टी.

हे सांगायला सोपे, करायला महाकठीण. पोरगा म्हणे, ‘‘सर, मी तं थकलोच नाही.’’ वडील एकदा लांब उभे राहून पाहून गेले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘तुम्ही त्याले नुसतं बसून ठेवता.’’ घाम गाळल्याशिवाय काही मिळते यावर आपल्याकडे कुणाचा विश्वास नाही, आणि पोती वाहणाऱ्या माणसाचा तरी का असावा?

आठवड्यात तीन दिवस ठरवले. सोमवारी वीस मीटरच्या धावा, उभ्या जागेवरून. पहिल्या पावलांत अंग पुढे झुकलेले, नजर खाली, पाय जमिनीला मागे ढकलणारे. लगेच ताठ उभे राहायचे नाही. गुरुवारी मागून वीस मीटर पळत येऊन तीसची धाव. शनिवारी गावाबाहेरच्या पाणंदीच्या हलक्या चढावर छोट्या धावा, कारण चढ स्वतःच झुकायला शिकवतो. धावा संपल्यावर जागेवरून लांब उड्या आणि थोड्या बैठका. तालमीतल्या शेकड्याने मारायच्या बैठका नव्हेत. आठ-दहाच, पण सावकाश खाली आणि झटक्यात वर. आणखी एक व्यायाम मांडीच्या मागच्या स्नायूचा. गुडघ्यांवर उभे राहायचे, मागून कुणी घोटे घट्ट धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचे. वेगाने पळणाऱ्याचा हाच स्नायू आधी दगा देतो. घोटे धरायला धाकटी बहीण यायची.

एक खोड मात्र लवकर जाईना. शेवटच्या रेघेच्या आधी दोन पावले तो वेग सोडायचा. बहुतेक मुले सोडतात. मग रेघेच्या पुढे पाच मीटरवर एक वीट ठेवली आणि सांगितले, तुझी रेघ ती.

हे सगळे तीस मीटरच्या एका चाचणीसाठी कशाला, असे वाचकांना वाटेल. पण फुटबॉल हाच मुळात छोट्या धावांचा खेळ आहे. नव्वद मिनिटांत खेळाडू दहा-अकरा किलोमीटर पळतो हे खरे. पण सामना ठरतो तो दोन-चार सेकंदांच्या झेपांत. जर्मनीच्या लीगमधल्या ३६० गोलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गोल करणाऱ्याने त्याआधी सर्वांत जास्त वेळा काय केले होते, तर सरळ रेषेत वेगाने धाव घेतली होती. जवळजवळ ४५ टक्के गोलांत. आणि फुटबॉलच कशाला? आमच्या भरतीच्या पोरांनाही पोलिसांच्या मैदानी चाचणीत सोळाशे मीटरखेरीज शंभर मीटर धावायचेच असते. त्याला पन्नासपैकी पंधरा गुण आहेत. सोळाशेचा सराव रस्त्यावर होतो, शंभराचा कुणी करत नाही. शंभरात मागे पडलेला पोरगा ‘नशीब नव्हतं’ म्हणून घरी येतो. नशिबाचा यात काय संबंध?

आता जागेचे. आम्हाला किती जागा हवी होती? मागे वीस मीटर, मधले तीस, थांबायला पंधरा. पासष्ट मीटरची सरळ, सपाट, मुरमाची पट्टी. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी ती शोधण्यात आमचे आठ दिवस गेले. एका मैदानावर मांडवाचे खड्डे, दुसऱ्यावर सभेनंतरची खडी, तिसऱ्याला कुलूप. पावसाळ्यात तर गावाचे नाव सार्थ होते. काळी माती बुटाला अशी धरते की पोरगा पळतो आहे की नांगरतो आहे ते कळू नये. अखेर एका शाळेच्या भिंतीलगत मुरमाचा पट्टा सापडला. मुख्याध्यापकांनी पहाटे फाटक उघडे ठेवायचे कबूल केले, आम्ही काचा वेचल्या, चुन्याच्या रेघा मारल्या.

मोठमोठी क्रीडा संकुले मागणारे अग्रलेख मी पुष्कळ वाचले आहेत. एकदोन लिहिलेही असतील. आता माझी मागणी लहान आहे. तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या शाळेत अशी एक पट्टी असावी, तिच्यावर मांडव पडू नये आणि पहाटे तिचे फाटक उघडे असावे. बुलडाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकार २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्याच्या कंपाउंड प्रकारात निशाण पन्नास मीटरवर असते. म्हणजे त्यालाही एक सरळ पट्टी लागली, आणि तिच्याजवळ रोज उभे राहणारे कुणीतरी.

एक बाब मात्र पट्टीने सुटणारी नाही, ती जन्मतारखेची. आमच्या पिढीत मास्तरांनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख एक जून लावली होती, त्याचे कुणाला सुखदुःख नव्हते. या चाचण्यांत एकाच वयोगटात जानेवारीचा आणि डिसेंबरचा मुलगा शेजारी उभे राहतात. त्या वयात अकरा महिने म्हणजे चार बोटे उंची आणि दंडात वेगळाच जोर. निवडणाऱ्याला जे गुण दिसतात त्यात पुष्कळदा नुसते वयच असते. आमचा पोरगा नोव्हेंबरचा.

चाचणीच्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आम्ही तिघे बुलडाण्याला गेलो. तीस मीटरला पोरगा रेघ ओलांडून थेट न ठेवलेल्या विटेपर्यंत पळत गेला. ४.५. टेबलामागच्या बाईंनी आकडा लिहिला. वडिलांना वाचता येते, तरी मला विचारले, ‘‘कागदावर आलं का?’’

‘‘आलं.’’

तो पुढच्या फेरीपर्यंत गेला आणि तिथे राहिला. मेडिसिन बॉल कमी पडला. त्याच्यापेक्षा हातभर उंच मुलांनी तो लांब भिरकावला. एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. चिखलीच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाला, ‘‘सर, सोमवार हाय ना उद्या?’’ वयाच्या हिशेबाने त्याच्याकडे अजून एक वर्ष आहे.

आता सोमवारी पाचजण असतात. त्यात त्याची ती घोटे धरणारी बहीणही आहे, आणि खरे सांगायचे तर पहिल्या दहा मीटरांत ती भावाला ऐकत नाही. परवाच्या पावसाने रेघा पुसून गेल्या. चुन्याची पिशवी संपली आहे, ती आज बाजारातून आणायची आहे.