कायदा संसदेचा, चौक शहराचा

पहाटे भाजीची हातगाडी घेऊन चौकात उभी राहणारी स्त्री एकाच वेळी तीन शासनांच्या अधिकारक्षेत्रात उभी असते. तिच्या पायाखालचा रस्ता महानगरपालिकेचा, महानगरपालिकेला अधिकार देणारा कायदा राज्याचा आणि तिच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा संसदेचा. गाडी उचलून नेली, तर तिने दाद कोणाकडे मागावी?

आपल्या संविधानाने स्थानिक शासन हा विषय राज्यसूचीत ठेवला आहे. १९९२ सालची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि नगरपालिकांना घटनात्मक स्थान लाभले. नगर नियोजनापासून पथदिव्यांपर्यंत १८ विषय बाराव्या अनुसूचीत नमूद झाले. परंतु त्यांपैकी कोणते अधिकार नगरपालिकांना द्यावेत, हे ठरविणे राज्य विधिमंडळाच्याच हाती राहिले. त्यामुळे नागरिकांचा रोष नगरपालिकेने सोसावा आणि निर्णय मात्र अन्यत्र व्हावा, असे अनेकदा घडते.

शहराचे सर्व निर्णय शहरानेच घ्यावेत, असे काहींना वाटते. हे मत मला अर्धेच पटते. शहरातही बलवान आणि दुर्बल असतात. बलवानांना फेरीवाला अडथळा वाटला, तर त्याची बाजू कोण घेणार? म्हणूनच संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केलेला कायदा मला आवश्यक वाटतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवू नये, असे तो सांगतो. मात्र कोणत्या चौकात किती गाड्या मावतील, हे दिल्लीत बसून ठरविता येत नाही. त्यासाठी त्याच कायद्याने नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे.

हक्काची किमान मर्यादा संसदेने आखावी, जागेचा निर्णय नगराने घ्यावा आणि राज्याने नगराला त्यासाठी अधिकार व निधी द्यावा, हीच योग्य विभागणी होय. तथापि समितीची बैठकच झाली नाही, तर उत्तम कायदाही कागदावरच राहतो. म्हणून आपल्या शहरात ही समिती आहे काय, तिच्यावर कोण आहे आणि ती शेवटची केव्हा भरली, हे प्रश्न आपण प्रत्येकाने विचारले पाहिजेत. त्या भाजीवालीचा हक्क अखेर या उत्तरांवरच उभा आहे.