लग्न खरं असलं तरी पगार कमी पडतो: ब्रिटनच्या 'स्पाउस व्हिसा'त जोडपी नेमकी कुठे अडकतात?

मुलगी ठाण्याची, मुलगा ब्रिटनचा नागरिक. लग्न ठाण्यात झालं, नोंदणीही झाली. नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद जोडायचा. भारतात कायदेशीर झालेलं लग्न ब्रिटन मान्य करतं. मग ती नवऱ्याबरोबर लगेच जाऊ शकते? नाही. आधी त्याचा पगार बघितला जातो.

११ एप्रिल २०२४ पासून ही अट वर्षाला किमान २९,००० पौंडांची आहे. २०१२ मध्ये अट पहिल्यांदा आली तेव्हा आकडा होता १८,६००. म्हणजे एका झटक्यात दहा हजारांहून जास्त वाढ.

आता तुम्ही म्हणाल, मुलगीही कमावते की! पुण्याच्या आयटी कंपनीत तिला चांगला पगार असेल, पण भारतातून अर्ज करताना तो धरलाच जात नाही. मोजला जातो तो ब्रिटनमधल्या जोडीदाराचा पगार. दोघांची बचत मात्र चालते. फक्त बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड लागतात, तेही सहा महिने खात्यात असलेले. रुपयांत हा आकडा एक कोटीच्या वर जातो.

याचा फटका कुणाला बसतो? लंडनच्या बँकेत काम करणाऱ्याला ही अट जाणवतही नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमधलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. त्या दराने आठवड्याला ४० तास, वर्षभर एकही आठवडा न चुकवता काम केलं तरी हिशोब २५,४०० पौंडांच्या आसपास थांबतो. म्हणजे लेस्टरच्या गोदामात किंवा एखाद्या दुकानात किमान वेतनावर पूर्णवेळ राबणारा ब्रिटिश नागरिक स्वतःच्या देशात बायकोला आणू शकत नाही. मूल सांभाळत अर्धवेळ नोकरी करणाऱ्या बाईला नवऱ्याला बोलवायचं असेल, तर तिची अडचण याहून मोठी.

सरकारचा युक्तिवाद असा की बाहेरून आलेल्या जोडीदाराचा भार करदात्यांवर पडू नये. ऐकायला रास्त वाटतं. पण या व्हिसावर आलेल्या माणसाला सरकारी भत्ते तसेही मिळत नाहीत. शिवाय आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंडांचा अधिभार आगाऊ भरावा लागतो. ३३ महिन्यांच्या पहिल्या व्हिसासाठी तो होतो ३,१०५ पौंड, आणि अर्जाची फी वेगळीच.

आधीच्या हुजूर पक्षाच्या सरकारला हा आकडा थेट ३८,७०० वर न्यायचा होता. २०२४ मध्ये सत्तेत आलेल्या मजूर पक्षाने ती वाढ थांबवली आणि सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीला अभ्यास करायला सांगितलं. जून २०२५ च्या अहवालात समितीने ३८,७०० ला विरोध केला. जोडप्याला पोट भरता यावं एवढाच हेतू असेल तर २३ ते २५ हजार पुरेसे आहेत, असं तिचं म्हणणं. म्हणजे किमान वेतनाच्या जवळपासचाच आकडा.

एकेकाळी एक आडवाट होती, आणि तिला नाव पडलं होतं एका भारतीयाचं: 'सुरिंदर सिंग रूट'. सुरिंदर सिंग आणि त्यांची ब्रिटिश पत्नी काही काळ जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले. १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, अशा जोडप्याला युरोपचे नियम लागू होतात, ब्रिटनचे नाहीत. पुढे पगाराची अट आल्यावर अनेकांनी हीच वाट धरली. ब्रेक्झिटनंतर नव्या जोडप्यांसाठी ती बंद झाली.

'मुलगा लंडनला असतो' एवढ्यावरून मात्र यातलं काहीच ठरत नाही. २९,००० ची ही अट मुख्यतः नागरिकांच्या आणि कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेल्यांच्या जोडीदारांसाठी आहे. वर्क व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरची बायको 'डिपेंडंट' म्हणून जाते, आणि तिच्यासाठी दाखवायची रक्कम आहे २८५ पौंड. त्याला स्वतःला वर्क व्हिसासाठी मोठा पगार लागतो, हे खरं. पण तोच मुलगा ११ मार्च २०२४ नंतर केअर वर्कर म्हणून गेला असेल, तर त्याला बायकोला नेताच येत नाही. त्यामुळे स्थळ बघताना पगाराच्या आधी विचारायला हवं ते व्हिसाचं नाव.