'भागीदार' की कामगार?

मालक कामगाराला 'भागीदार' म्हणू लागला की कामगाराने सावध व्हावे. घरपोच सेवेच्या कंपन्यांनी हा शब्द रूढ केला. परंतु ही भागीदारी कसली? दर कंपनी ठरविणार. गाडी, पेट्रोल आणि अपघाताचा धोका मात्र 'भागीदारा'चा! कामगार म्हटले की किमान वेतन आले, संघटना आली. भागीदार म्हटले की शेजारचा सहकारीही प्रतिस्पर्धी ठरतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली उबरच्या करारातील शब्दांना न भुलता चालकांना कामगारच ठरविले. आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मात्र 'गिग' कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेर केली. म्हणून लढ्याची पहिली मागणी हीच असली पाहिजे : कामगाराला कामगार म्हणा!