कोळशाचें सुतक

दिवाळीच्या सुटींत आम्ही चार दिवस जिंतूर तालुक्यांतील बोरी येथें आमच्या मावसबंधूंच्या घरीं होतों. घरांत चार पिढ्या नांदतात, आणि पंगतींत पानें मांडलीं कीं कोणत्या तरी विषयावर वाद निघाल्याशिवाय राहत नाहीं. या खेपेचा वाद अणुभट्टीवरून होता, असें सांगितलें तर वाचकांना नवल वाटेल.

झालें तें असें. मावसबंधूंच्या नातीनें पदार्थविज्ञान घेऊन एम्. एस्सी. केल्यावर डॉक्टरेटसाठीं विषय निवडला, तो बंद पडलेल्या अणुभट्ट्यांतील ग्राफाइट शुद्ध करून पुन्हां वापरांत आणण्याचा. त्यासाठीं तिला चार वर्षें मँचेस्टरला जावयाचें आहे. तेथील विद्यापीठांत या एकाच पदार्थाचा अभ्यास करणारी मंडळी आहेत. अण्णा, म्हणजे आमचे मावसबंधू, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा आक्षेप जोखमीविषयीं नव्हता, प्रतिष्ठेविषयीं होता. “जेवून उठले दुसरे, आणि त्यांचीं उष्टीं काढावयास आमच्या घरच्या मुलीनें सातासमुद्रांपलीकडे जावें काय?” हा त्यांचा प्रश्न. आजींचा प्रश्न निराळा होता, आणि आमच्या मतें अधिक मोलाचा. त्या म्हणाल्या, “सुतक दहा दिवसांनीं फिटतें. याचें कधीं फिटतें?”

आधीं हा पदार्थ कोणता तें सांगितलें पाहिजे. कोळसा, काजळी, हिरा आणि ग्राफाइट हीं एकाच कार्बनाचीं रूपें. आपण जिला शिसपेन्सील म्हणतों तिच्यांत शिसें मुळींच नसतें, असतें तें ग्राफाइट. नांव मात्र पिढ्यान्‌पिढ्या चुकीचेंच चालत आलें आहे. युरेनियमचा अणु फुटला कीं त्यांतून न्यूट्रॉन अतिशय वेगानें बाहेर पडतात. त्यांचा वेग कमी झाला तरच ते पुढचा अणु सहज फोडूं शकतात. हें मंदावण्याचें काम ग्राफाइट करतें. ता. २ डिसेंबर १९४२ रोजीं शिकागो येथें फेर्मी यांनीं जी पहिली अणुभट्टी चालविली, ती म्हणजे ग्राफाइटच्या ठोकळ्यांची एक रचलेली राशीच होती. चाळीस हजारांहून अधिक ठोकळे तींत होते. गंमत अशी, कीं पुढच्याच वर्षीं ती रास मोडून, तेच ठोकळे शहराबाहेर नेऊन त्यांची दुसरी भट्टी रचण्यांत आली. म्हणजे ग्राफाइटचा पुनरुपयोग अणुभट्टीइतकाच जुना आहे. परंतु ती पहिली भट्टी नांवापुरतीच तापली होती. इंग्लंडमधील काल्डर हॉलसारख्या भट्ट्या १९५६ पासून २००३ पर्यंत चालल्या, आणि त्यांच्या ग्राफाइटची गोष्ट अगदीं वेगळी आहे.

इतकीं वर्षें न्यूट्रॉनांचा मारा सोसल्यावर ग्राफाइटमध्यें कार्बन-१४ तयार होतो. हा कार्बन किरणोत्सर्गी असून ५,७३० वर्षांनीं निम्मा उरतो, आणखी तितक्याच वर्षांनीं चतुर्थांश. हजारावा हिस्सा उरावयास सत्तावन हजार वर्षें लागावीं. आजींना हा हिशेब सांगितला तेव्हां त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे सुतक धरणारेंही कोणी उरावयाचें नाहीं.” आम्हांला यापेक्षां नेमकें वर्णन करतां आलें नसतें.

वस्तुतः कार्बन-१४ कांहीं अपरिचित राक्षस नव्हे. तो हवेंत निसर्गतःच अल्प प्रमाणांत आहे, तुमच्याआमच्या शरीरांतही आहे. इनामगांवच्या उत्खननांतील जळक्या धान्याचें वय त्याच्याच आधारें काढतात. त्याचे किरण दुबळे, पातळशा पत्र्यानेंही अडणारे. भय आहे तें त्याच्या जातीचें. तो कार्बनच असल्यामुळें वनस्पति त्याला परका मानीत नाहींत. हवेंत मिसळला कीं तो ज्वारीच्या ताटांत शिरतो, दाण्यांत येतो, आणि भाकरीवाटें पोटांत. म्हणून तो मोकळा सोडतां येत नाहीं. आणि असें ग्राफाइट जगांत सुमारें अडीच लाख टन पडून आहे. त्यांतील जवळजवळ एक लाख टन एकट्या ब्रिटनमध्यें.

मुलीचें संशोधन येथें सुरू होतें. भट्टींतल्या कार्बन-१४ चा बराच भाग ग्राफाइटच्या छिद्रांना चिकटलेल्या नायट्रोजनपासून बनतो, आणि म्हणून तो पृष्ठभागाशींच राहतो. ठोकळा बेतानें तापवून थोडासाच प्राणवायु दिला, तर हा वरचा थर आधीं जळून वायुरूपानें निघून जातो. भाजलेल्या शेंगदाण्याचें साल चोळून काढावें तसें. वायु धरून ठेवावयाचा, दाणा शुद्ध करून पुन्हां वापरावयाचा. युरोपांतील अनेक संस्थांनीं २००८ ते २०१३ या काळांत ‘कार्बोवेस्ट’ नांवाच्या योजनेंत हेंच तपासलें. अडचण अशी, कीं कांहीं कार्बन-१४ ग्राफाइटच्या स्वतःच्याच कार्बनापासून होतो. तो स्फटिकाच्या पोटांत असतो. कणकेंत मळलेलें मीठ वेगळें काढतां येईल काय? शिवाय जो वायु धरला, तो ठेवावयाचा कोठें हा प्रश्न उरतोच. आम्ही हें विचारलें तेव्हां मुलगी हंसून म्हणाली, “काका, त्याचाच तर प्रबंध लिहावयाचा आहे.” ब्रिस्टॉलच्या विद्यापीठानें इंग्लंडच्या अणुशक्ति खात्याशीं मिळून डिसेंबर १९५६ मध्यें नव्हे, अगदीं परवां, डिसेंबर २०२४ मध्यें कार्बन-१४ चा हिरा बनवून त्याची चिमुकली, हजारों वर्षें टिकणारी बॅटरी केल्याचें जाहीर केलें आहे. तिची शक्ति अत्यल्प आहे. तिच्यावर घरांतला दिवा लागेल अशी आशा कोणीं धरूं नये.

आतां अण्णांच्या आक्षेपाकडे वळूं. त्यांतील एक भाग आम्हांला खरा वाटतो. हिंदुस्थानांतील बहुतेक वीज देणाऱ्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात, तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या. त्यामुळें आपल्याकडे ग्राफाइटचे डोंगर सांचलेले नाहींत, आणि हें शिकून परतलेल्या मुलीला येथें नेमकें हेंच काम मिळेल अशी हमी आम्ही देऊं शकत नाहीं. तिनें याचा विचार जाण्यापूर्वींच करावा, असें आम्हीं तिला स्पष्ट सांगितलें. परंतु उष्टें दुसऱ्यांचेंच, हें मात्र खरें नव्हे. तुर्भ्याची ‘सायरस’ भट्टी १९६० सालीं सुरू झाली आणि ता. ३१ डिसेंबर २०१० रोजीं कायमची बंद झाली. तिच्या गाभ्याभोंवतीं न्यूट्रॉन परतविण्यासाठीं ग्राफाइटचें वेष्टण होतें. पन्नास वर्षें आपण तिच्याकडून काम घेतलें. तिचें पान उचलावयास बाहेरचें कोण येणार?

अण्णांनीं त्या रात्रीं यावर उत्तर दिलें नाहीं; ताकभात संपवून ते उठले. सकाळीं आम्ही निघालों तेव्हां मात्र ओसरीवर ते नातीला विचारीत होते, मँचेस्टरांत ज्वारीचें पीठ मिळतें कीं येथून पाठवावें लागेल.